कोंसुआद

कोंसुआद : नाताळात घरी केलेले गोड पदार्थ ताटात मांडून शेजारी, नातेवाईक व स्नेही यांच्या घरी पाठवण्याची गोमंतकीय ख्रिस्ती समाजातील प्रथा, तसेच ते ताट. शब्द पोर्तुगीज ‘कोंसोआदा’वरून आला. पोर्तुगालमध्ये कोंसोआदा म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचे कौटुंबिक जेवण. तिथे त्यात बाकल्याव म्हणजे खारवलेल्या कॉड माशाला मान असतो. गोव्यात शब्द टिकला, पण जेवणाच्या जागी मिठायांचे ताट आले. मंगळूरच्या कोकणी ख्रिस्ती घरांत अशाच फराळाला कुसवार म्हणतात.

पदार्थ : ताटात पदार्थांची दोन घराणी शेजारी बसतात. पहिले नारळ, डाळ-पीठ व तळणीचे. नेवऱ्या म्हणजे करंज्याच. गणेशचतुर्थीला हिंदूंकडून आणि नाताळात ख्रिस्ती घरांतून त्या शेजाऱ्यांकडे जातात. दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध व माडाचा काळा गूळ यांचा. मिश्रण कडा सोडून तेल सुटेपर्यंत हात थांबवता येत नाही, म्हणून घरातली माणसे पाळीपाळीने घोटतात. दोस म्हणजे चणाडाळ, साखर व खोबऱ्याच्या वड्या. कलकल करताना कणकेची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ फणीवर दाबत गुंडाळतात. रेघा उमटलेली ती शंखासारखी गुंडाळी मग तळतात. गुंडाळण्याचे काम मुलांकडे असते.

दुसरे घराणे अंडी, भट्टी व मुरंब्याचे. पेराद हा पेरूचा गर साखरेत आटवून केलेला घट्ट पाक. थंडीत पेरू मुबलक असल्याने तो या दिवसांत होतो. बेबिंकात दोन्ही घराणी एकत्र येतात : अंड्यांचे बलक, मैदा व साखर एकीकडे, नारळाचे दूध दुसरीकडे, सोबत तूप व जायफळ. एक थर भाजून झाल्यावर त्यावर तूप सोडून दुसरा ओततात. थर बहुधा सात, हौसेने अधिकही. आच वरून लागते. त्यासाठी पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात. गोव्याच्या बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

रीत : पदार्थ डिसेंबरात टप्प्याटप्प्याने होतात, टिकणारे आधी, नाजूक शेवटी. ताटावर विणलेला किंवा भरतकामाचा रुमाल घालून ते बहुधा मुलांच्या हाती पाठवतात. ताट रिकामे परत करत नाहीत. काही नसले तर मूठभर साखर तरी त्यात घालतात. हिंदू शेजाऱ्यांकडे गेलेल्या ताटाची परतफेड पुढच्या चतुर्थीला किंवा दिवाळीच्या फराळाने होते.

प्रसार : वसई 1534 ते 1739 या काळात पोर्तुगीजांकडे होती. तेथील व मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजातही नाताळचा फराळ वाटण्याची चाल आहे. रवा, खोबरे व बदाम यांचा, थाळीत भाजलेला ‘थाळी स्वीट’ ही त्यांची खासियत. मुंबईतील गोमंतकीय वस्त्यांतून ताटाची जागा बरीचशी बेकरीच्या खोक्याने घेतली आहे.

मूळ पोर्तुगीज शब्दाचा संबंध ‘सांत्वन करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडतात. तो अर्थ प्रथेतही दिसतो : सुतकातल्या घरी नाताळची कढई चढत नाही. त्या घरी ताट शेजारून येते.