पैसा, मूठ आणि भिशी

काटकसरीवर व्याख्यान म्हटले की ऐकणारा आधी खिसा चाचपतो आणि मग घड्याळाकडे पाहतो. त्यात त्याची चूक नाही. हा विषय आपल्याकडे बहुधा उपदेशकांच्या हाती गेला, आणि ज्यांच्या खर्चात आधीच कसर काढण्याजोगे काही उरले नव्हते त्यांनाच तो उपदेश अधिक ऐकावा लागला. म्हणून आज उपदेश बाजूस ठेवून थोडा इतिहास पाहू. लहान खर्चाची सवय लागते कशी, आणि लहान शिलकेची सवय आपल्या लोकांनी लावून घेतली कशी, एवढाच प्रश्न आहे.

निजामपुऱ्यात हा प्रश्न विचारणे अगदी योग्य. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमाग मांडले. पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. यंत्रमागावरच्या कामगाराची मजुरी मीटरवर ठरते. माग चालला तर मजुरी. वीज गेली, सूत महागले, मालाला उठाव नसला की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. पोट मात्र थांबत नाही. अशा माणसाला ‘चहा सोड, विडी सोड’ असे सांगणे सोपे आहे. परंतु बारा तासांच्या पाळीत चहा हीच ज्याची विश्रांती, त्याला तो चहा शिकविला कोणी, हेही विचारले पाहिजे.

चहा ही आपल्या आजोबा-पणजोबांची सवय नव्हे. मळेवाल्यांच्याच मागणीवरून १९०३ साली चहाच्या निर्यातीवर कर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने, कोळशाच्या खाणी येथे कामगारांसाठी चहाची दुकाने उघडावीत, कामाच्या मध्ये चहाची सुटी द्यावी, असा पद्धतशीर प्रयत्न झाला. रेल्वे स्टेशनांवर तर चहा कसा करावा याच्या पाट्या लागल्या. म्हणजे ज्याला आपण व्यक्तीची उधळपट्टी म्हणतो, तिच्यामागे निधी होता, माणसे होती आणि दारापर्यंत येणारी किटली होती. एकट्याच्या निर्धाराने या व्यवस्थेशी झुंज घ्यावी, ही अपेक्षा मला थोडी अन्यायाची वाटते.

शिलकेच्या बाजूने अशी व्यवस्था कोणी उभी केली काय? केली, आणि ती आपल्याच प्रांतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना लोकांपुढे मांडली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी धंदे उभे राहावेत, एवढीच ती कल्पना. आज रुपयाचे शंभर पैसे आहेत. १९५७ पूर्वी ते चौसष्ट होते. तेव्हा एक हजार रुपये जमवायचे तर चौसष्ट हजार माणसांच्या दारी जायला हवे! कोणीही हिशेबी गृहस्थ हे ऐकून हसेल. पैसा गोळा करणाऱ्याच्या वहाणा झिजतील त्याची किंमतसुद्धा त्यातून निघणार नाही, असे त्याला वाटेल. एका पैशाने देणाऱ्याचे काही बिघडत नाही, हे या कल्पनेचे बळ. आणि तो आणायला कोणीतरी गेलेच पाहिजे, हे तिचे ओझे.

ते ओझे काळ्यांनी उचलले. टिळकांनी पाठबळ दिले, स्वयंसेवक हिंडले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्या काळी बांगड्यांपासून दिव्याच्या चिमणीपर्यंतची काच परदेशांतून येत असे. परदेशी शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे या कारखान्याला जाणकार म्हणून लाभले. येथे काचेबरोबर काचेचे कारागीरही तयार झाले, आणि ते पुढे इतर कारखान्यांत गेले. ज्याने वर्षाचा एक पैसा दिला त्याच्या हाती मात्र परत काही आले नाही. तशी अटच नव्हती. ते दान होते, बचत नव्हे. हा भेद विसरून चालणार नाही.

याच सुमारास मुष्टिफंडाची रीत अनेक ठिकाणी रुजली. पणजीत त्या नावाची संस्थाच १९०८ पासूनची आहे. पुढे साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहासाठी घरोघरच्या मूठभर धान्यावर भिस्त ठेवली. या रीतीतले शहाणपण गृहिणींचे आहे. धान्य शिजविल्यानंतर उरले तर द्यायचे, असा प्रकार नव्हे. चुलीवर आधण ठेवण्यापूर्वीच एक मूठ वेगळ्या भांड्यात पडते, आणि मग उरलेल्यावर घर भागते. खर्च करून शिल्लक टाकू म्हणणाऱ्याची शिल्लक का पडत नाही, याचे उत्तर या एका मुठीत आहे. मात्र मुठीवर सारे भागले नाही हेही खरे. त्याच वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा.

स्वतःसाठी साठविण्याची सोय सरकारने १८८२ मध्ये पोस्टातील बचत खात्याने केली. सोय उत्तम, पण पोस्ट आपल्या दारी येत नसे. आपण तेथे जायचे, तेही कामाच्या वेळात, आणि अर्ज भरून. म्हणून बायकांची बँक डाळ-तांदळाच्या डब्यातच राहिली. दररोज एक जुना पैसा टाकला तर वर्षाअखेर पाच रुपये अकरा आणे एक पैसा होत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा असे कितीतरी डबे पहिल्यांदा नवऱ्यासमोर उघडावे लागले. वर्षानुवर्षे लपविलेली रक्कम घरात एकदा जाहीर झाली, की ती परत डब्यात जाणे कठीण.

डब्याला नसते ती माणसांची साथ भिशीला असते. भिवंडीत हा शब्द काहीशा गमतीने दोन अर्थांनी चालतो. एकट्याने राहणारे माग कामगार जेथे ठरलेल्या पैशात दोन वेळ जेवतात ती खाणावळ ‘बिशी’, आणि बायका-पुरुष दरमहा पैसे काढतात तीही ‘भिशी’. दुसरीचे गणित सरळ आहे. वीस जणींनी दरमहा पाचशे रुपये दिले की दहा हजार होतात. ते चिठ्ठी निघेल तिला मिळतात, आणि वीस महिन्यांत प्रत्येकीची पाळी येते. व्याज नाही. पहिलीला ते कर्ज, शेवटचीला ती बचत. जून महिन्यात शाळेची फी भरायची असेल तर एखादी आपली पाळी मागून घेते आणि बाकीच्या देतात. नोंदणी झालेल्या चिटफंडाला १९८२ चा कायदा आहे. गल्लीतल्या भिशीला शब्दाखेरीज आधार नाही. पैसे घेऊन एखादीने पुढचे हप्ते बुडविले तर दाद मागायची कोठे? येथे धोका आहे, आणि तो झाकून ठेवू नये.

तरी ती चालते, कारण पैसा फंडाला जसे दारोदार हिंडणारे लागले तशी येथेही एक वही ठेवणारी असते. महिन्याची तारीख आली की ती दार वाजविते. चहावाल्या पोऱ्यासारखीच तीही दारापर्यंत येते, आणि शेजारणीला ‘नाही’ म्हणणे अवघड असते. बहुतेक भिश्यांत पहिली उचल चिठ्ठी न टाकता तिलाच मिळते. वीस महिने जिने चढण्याचे तेवढेच तिचे वेतन.