जुन्नरमध्ये काचेची भट्टी लावायची म्हणताय? आधी लाइटचा हिशोब करा

रात्रीचे पावणेदोन वाजलेत. भट्टीवरचा आकडा ५४० दाखवतोय. आत एक काचेचा थाळा आहे, सोमवारी पुण्याला पोहोचवायचा आहे. आणि लाइट जाते.

पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही काय करता, यावर तो थाळा गिऱ्हाईकाच्या टेबलावर जाणार की भंगारात, हे ठरतं. नवखा माणूस नेमकी चुकीची गोष्ट करतो. 'बघू तरी आत काय झालंय' म्हणून झाकण उचलतो. गार हवा आत शिरते, टक् असा आवाज येतो आणि विषय संपतो.

सध्या रील्सवर काचेचे रंगीत तुकडे भट्टीत वितळून झकास बशा, दिवे, कानातले होताना दिसतात. जुन्नर, आंबेगाव भागात असं काही सुरू करावं असं वाटणाऱ्यांसाठी हा लेख. रीलमध्ये पंधरा सेकंदांत दिसतं त्याला प्रत्यक्षात चोवीस तास लागतात, आणि त्यातले बरेचसे तास नुसते थांबण्याचे असतात.

नेमकं काय करतात?

काच म्हटलं की आपल्याला फुंकणीने फुगवणारा कारागीर आठवतो. पुणे जिल्ह्याला त्याचा इतिहासही आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, घरटी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभा राहिला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. पुढे कराडजवळ ओगले मंडळींचा कारखाना आला, गावाचं नावच ओगलेवाडी पडलं आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला.

पण ते काम मोठ्या, अखंड पेटत्या भट्ट्यांचं. आपण बोलतोय ते वेगळं. इथे गार काच कापून, रचून विजेच्या भट्टीत ठेवायची, तापवायची आणि निववायची. काचेचे थर एकजीव करायचे त्याला फ्यूजिंग म्हणतात. तयार पाटी साच्यावर ठेवून वाकवायची, वाडग्यासारखा आकार द्यायचा, ते स्लंपिंग. खिडकीची साधी काच घेतली तर स्लंपिंग ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास होतं, पूर्ण फ्यूजिंग साधारण ८२० ते ८४० ला. प्रत्येक भट्टी थोडी वेगळी वागते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून वही ठेवा: कोणती काच, किती जाड, कोणत्या तापमानाला किती वेळ, निकाल काय. सहा महिन्यांनी ती वही भट्टीपेक्षा मोलाची वाटते.

अनीलिंग, म्हणजे थाळा का फुटतो

काच वरून गार झाली तरी आतून गरम असते. बाहेरचा भाग आक्रसून घट्ट होतो, आतला नंतर आक्रसायला बघतो आणि दोघांत ओढाताण सुरू होते. ही ओढाताण काचेत अडकून राहते. मग ती कधी भट्टीतच फुटते, कधी तीन आठवड्यांनी गिऱ्हाईकाच्या शोकेसमध्ये. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तुमचं नाव सोबत जातं.

म्हणून काच एका ठरावीक तापमानाला थांबवायची आणि तिथून सावकाश खाली आणायची. खिडकीच्या काचेसाठी हे तापमान साधारण ५५० अंशांच्या घरात असतं. अमेरिकेतल्या बुल्सआय कंपनीच्या काचेसाठी ४८२. किती सावकाश, ते जाडीवर ठरतं. बुल्सआयच्या तक्त्यात १२ मिलिमीटर जाडीला दोन तास थांबा आणि मग ताशी ५५ अंशांनी उतरा असं आहे. जाडी २५ मिलिमीटर झाली की चार तास थांबा आणि ताशी फक्त १५ अंशांनी उतरा. जाडी दुप्पट, उतरण्याचा वेग जवळपास चौथाई. नवखे इथेच फसतात.

आता लाइट गेली तर काय? भट्टी तापत होती आणि आकडा ५०० च्या खाली होता, तर काळजी नको, लाइट आली की पुन्हा सुरू करा. फ्यूजिंगच्या टोकाला असताना गेली तर काम अर्धवट राहील, पण काच वाचेल. निवताना गेली तर झाकण अजिबात उघडू नका, हवेचं भोकही बंद करा. जाड विटांची भट्टी उष्णता बराच वेळ धरून ठेवते, नुसत्या फायबरच्या अस्तराची लवकर गार होते. लाइट आल्यावर सावकाश पुन्हा अनीलिंगच्या तापमानाला न्या आणि तिथून सगळं परत करा. काच तडकली नसेल तर आतला ताण असा काढता येतो, कितीही वेळा. हे फार कमी लोक सांगतात.

भट्टी घेताना कंट्रोलर लाइट आल्यावर जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो का, हा प्रश्न रंगाच्या आधी विचारा.

लाइट, फेज आणि खोडदच्या तबकड्या

तीन किलोवॉटपर्यंतची छोटी भट्टी १६ अँपिअरच्या सिंगल फेजवर चालते, पण तिला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खरंखुरं अर्थिंग हवं. गीझरच्या सॉकेटवर चौदा तास भट्टी चालवली की सॉकेट वितळतं. त्याहून मोठी भट्टी म्हणजे थ्री फेज.

इथे मोह होतो. शेतात पंपाचं कनेक्शन आहेच, तिथेच शेड टाकू! नको. शेतीची वीज ठरावीक तासच मिळते, साधारण आठ, आणि कधी दिवसा तर कधी रात्री. तुमचं फायरिंग त्यात बसत नाही. शिवाय शेतीच्या सवलतीच्या दरावर धंदा चालवणं हा वीजचोरीच्या कलमात अडकायचा सरळ रस्ता आहे. गावठाणातलं कनेक्शन घ्या आणि ते कोणत्या वर्गवारीत बसतं, हे महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. त्याच फेरीत देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वारही विचारा, त्या दिवशी भट्टी लावू नका.

व्होल्टेजचं गणित तर डोळे उघडणारं आहे. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले, तर भट्टीला पूर्ण ताकदीच्या फक्त ६८ टक्के मिळतात. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी भट्टी ७५० वर अडून बसली, तर बिघाड भट्टीतच असेल असं नाही. म्हणून बरेच जण रात्री उशिरा फायरिंग लावतात.

आणि रात्रीचा विषय निघालाच आहे, तर बिबट्या. जुन्नर वनविभागात उसाच्या कडेला रात्री दोनला 'भट्टी बघून येतो' म्हणत एकट्याने शेडवर जाणं हा धोका आहे, विनोद नाही. शेतकरी दिवसा वीज मागतात, ती याच कारणाने. भट्टी घराला लागून ठेवा, नाहीतर कंट्रोलरचा आकडा दाखवणारा साधा कॅमेरा लावा.

आणखी एक गोष्ट खास याच भागातली. खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. आकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत ती टिपते, त्यामुळे विजेच्या उपकरणांतून निघणारा रेडिओ गोंगाट तिला त्रासदायक ठरतो आणि आसपास उद्योग उभारण्यावर निर्बंध आहेत. घरगुती भट्टी म्हणजे कारखाना नव्हे, पण थ्री फेज घेऊन रीतसर उद्योग म्हणून नोंदणी करणार असाल, तर ना हरकत लागते का हे ग्रामपंचायतीत आणि जीएमआरटीत आधी विचारा. भट्टीत झिरो-क्रॉसिंग प्रकारचा सॉलिड स्टेट रिले घ्या, तो कमी गोंगाट करतो.

काच कुठली?

सगळ्या काचा एकमेकींशी जुळत नाहीत. तापल्यावर प्रत्येक काच वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावते. दुकानदार याला सीओई म्हणतात: ९०, ९६, १०४. बुल्सआय ९० ची, ओशनसाइड ९६ ची. दोन वेगवेगळ्या काचा एकत्र वितळवल्या तर कितीही छान अनीलिंग केलं तरी तडा जाणारच.

बाहेरून मागवलेली रंगीत काच सुंदर असते आणि वाहतूक, कस्टम्स धरून महाग पडते. म्हणून सुरुवात काचवाल्याच्या दुकानातल्या साध्या ३ मिलिमीटर काचेवर करा, हे माझं स्पष्ट मत. शक्यतो एका कामात एकाच पाटीतले तुकडे वापरा. रंगासाठी काचेवर भाजायचे इनॅमल रंग चालतात. दोन थरांमध्ये तांब्याची तार किंवा पातळ पत्राही छान दिसतो. टफन केलेली काच घेऊ नका, कापायला गेलात की तिचा चुरा होतो.

दोन थर घ्यायचं कारण आहे. वितळलेल्या काचेला साधारण ६ मिलिमीटर जाडी 'आवडते'. एकच थर पूर्ण वितळवला तर कडा आत ओढल्या जातात, तीन थर घेतले तर काच पसरते. ३ अधिक ३ घेतलं की आकार टिकतो.

खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात, म्हणून तिच्या एका बाजूला कथिलाचा अंश असतो. ती बाजू भट्टीत धुरकट होऊ शकते. शॉर्टवेव्ह यूव्ही दिव्याखाली ती दुधाळ चमकते. खूण करा आणि प्रत्येक थर एकाच दिशेने ठेवा.

नारायणगाव परिसरात वाइनची परंपरा आहे, इंडेजने १९८० च्या दशकात इथेच वाइनरी उभारली होती. त्यामुळे बाटल्या वितळवून ट्रे करायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. एक बाटली एकटी चपटी करा, बिनधास्त. पण हिरव्या बाटलीचा तुकडा खिडकीच्या काचेवर चिकटवू नका.

जुळतं की नाही, हे घरी तपासता येतं. लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरा करा, पोलराइज्ड गॉगल हातात धरून स्क्रीन काळा दिसेपर्यंत फिरवा. आता मध्ये काच धरा. जोडाभोवती उजेडाची कडी दिसली तर तिथे ताण आहे. तो तुकडा विकू नका.

फुप्फुसं आणि पावसाळा

काच चिकटू नये म्हणून शेल्फवर किल्न वॉश लावतात किंवा फायबर पेपर ठेवतात. भाजल्यावर दोन्हींची भुकटी होते. ती झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, आणि तोंडाला ओढणी नव्हे तर एन-९५ मास्क. काच घासायची तीही पाणी सोडूनच. ही धूळ आज त्रास देत नाही, वीस वर्षांनी देते. भट्टी भिंतीपासून फूटभर लांब, आसपास प्लायवूड किंवा पडदे नकोत. आत हात घालण्याआधी मेन स्विच बंद.

पावसाळ्यात शेल्फ आणि साचे हवेतली ओल ओढतात. काच ठेवण्याआधी ते रिकाम्या भट्टीत सावकाश तापवून कोरडे करा, नाहीतर वाफेचे बुडबुडे थेट काचेत उमटतात. नाणेघाट, माळशेजकडच्या पट्ट्यात तर हे न चुकता करा.

पैसे सुटतात का?

हिशोबच करू. ३ किलोवॉटची भट्टी, १४ तास, त्यातला सरासरी ४० टक्के वेळ एलिमेंट चालू. साधारण १७ युनिट. हिशोबापुरता दर १० रुपये धरला तर १७० रुपये. भट्टीत १० सेंटिमीटरचे नऊ कोस्टर मावले तर एकामागे १९ रुपयांची वीज. म्हणजे विजेने कुणी बुडत नाही. माणूस बुडतो तो वेळ आणि फूट न धरल्याने. दिवसाला एकच फायरिंग होतं, वाडगा असेल तर दोन दिवस. आठवड्याला पाच फायरिंग धरली तर ४५ कोस्टर, त्यातले काही वाया. तुमची कमाल मर्यादा ही. तेव्हा शंभर रुपयांचं कोस्टर करण्यापेक्षा नेमप्लेट, दिव्याची शेड, खिडकीतली पाटी अशी ऑर्डरची कामं घ्या, आणि अर्धे पैसे आगाऊ.

पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुंभार आहे, काच कारागीर नाही. पीएमईजीपीतून मात्र प्रयत्न करता येतो: ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला २५ टक्के, महिलांसह विशेष प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, तिचे पैसे मागणाऱ्याला हात जोडा. फक्त माल विकत असाल तर जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख, पण कार्यशाळा घेतल्या किंवा राज्याबाहेर माल पाठवला की नियम बदलतात. सीएला एकदा विचाराच.

गिऱ्हाईक दारावरून जातं. शिवनेरी आहे, लेण्याद्री आणि ओझर हे दोन अष्टविनायक आहेत, २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जाही मिळालाय. पण गणपतीच्या तयार साच्यातल्या मूर्ती सगळेच विकतात. त्यापेक्षा शनिवार-रविवारची दोन तासांची कार्यशाळा लावा. लोक स्वतः तुकडे रचून जातात, तुम्ही रात्री भाजता, नंतर वस्तू कुरिअरने पाठवता.

कुरिअरसाठी वस्तू उभी भरा, आडवी नाही. काचेची पाटी आडवी ठेवली की वरच्या वजनाने मध्येच मोडते. आधी बबल रॅप, मग छोटा खोका, तो मोठ्या खोक्यात, मध्ये चारही बाजूंनी दोन-दोन इंच भरण. आणि गाडीतून स्वतः नेणार असाल, तर नारायणगावच्या बाजारात मिळणारं टोमॅटोचं प्लास्टिक क्रेट आणि तळाला जुनी गोधडी, एवढं पुरतं.