कापसाचें जिन आणि विजेचा दाब

यवतमाळ जिल्ह्याची काळी जमीन आणि तीवर पिकणारा कापूस यांचें नातें पुरातन आहे; परंतु त्या कापसांतून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रामागें जी शक्ति उभी असते, तिचा इतिहास फारसा जुना नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि गिरणीवाल्यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. पुढें मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली, ती मुख्यतः याच कापसाकरितां. ज्या जिल्ह्यास ती आली त्याचें सरकारी नांव १९०५ पर्यंत वणी जिल्हा असें होतें.

त्या काळच्या जिनांत वाफेचें इंजिन हाच एकमेव धनी असे. त्याच्या बळावर एक लांबलचक लोखंडी दांडा फिरे, आणि दांड्यावरून पट्टे घेऊन रांगेंतील प्रत्येक जिन चाले. चामड्याच्या रुळास कापूस चिकटावा, पात्यानें सरकी अडवावी आणि रुई पुढें जावी, अशी ही रचना. वाफ कमी पडली कीं सारी रांग एकदम मंदावे. ती गोष्ट घड्याळाच्या कांट्यावर दिसे, कानासही कळे, आणि भट्टीवाला चार फावडीं कोळसा अधिक टाकी. दोष आणि दोषाचें मूळ हीं दोन्ही एकाच आवारांत असत.

विजेच्या मोटारीनें ही स्थिति पालटली. निकोला टेस्ला यानें १८८८ मध्यें फिरत्या चुंबकक्षेत्रावर चालणारी मोटार जगापुढें मांडली. हिंदुस्थानांत १९०२ सालीं शिवसमुद्रमची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींस पोहोंचली. १९१५ मध्यें खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळाली. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत मात्र ती पसरली मुख्यतः १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना झाल्यानंतर. धूर गेला, कोळसा गेला, भट्टीही गेली. पण शक्तीचा उगम आवारांतून उठून शेंकडों मैल दूर गेला. मधल्या वाटेवर जें कांहीं बिघडेल त्याचें फळ जिनवाल्याच्या पदरीं येऊं लागलें.

हें फळ मोठें फसवें असतें. वाफ उतरली कीं इंजिन थकतें. विजेचा दाब उतरला तर मोटार थकल्याचें दाखवीत नाहीं. ती जवळजवळ त्याच वेगानें फिरत राहते आणि कमी दाबाची भरपाई अधिक प्रवाह ओढून करते. दाब शेंकडा १० नें घटला तर तेंच काम करण्यास सुमारें शेंकडा ११ अधिक प्रवाह लागतो; तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें ती सव्वापटीच्या जवळ जाते. उलट मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो व शेंकडा ८१ वर येतो. अशा वेळीं ओला कापूस रुळांत अडकला, तर मोटार अडते, गुरगुरते आणि जळते. जेथें हवेंतही रुईचे तंतु तरंगत असतात, तेथें जळती मोटार म्हणजे आगीस आमंत्रणच. दारांत गाड्या खोळंबलेल्या, आणि शेतकऱ्याचें वर्षाचें धन त्या छपराखालीं!

हंगामाचा योगही प्रतिकूल असतो. कापूस जिनावर येतो तो थंडीच्या दिवसांत, आणि त्याच दिवसांत गहू-हरभऱ्यासाठीं विहिरींवरचे पंप चालू असतात. एकाच तारेवर दोघांचा भार पडला कीं टोंकाच्या गांवीं दाब उतरतो. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांप्रमाणें या वर्गाच्या पुरवठ्यांत शेंकडा ६ पेक्षां अधिक फरक पडूं नये अशी अट होती. म्हणजे ४१५ व्होल्टचा दाब ३९० च्या खालीं जाऊं नये असा तिचा अर्थ होता.

तथापि प्रत्येक वेळीं दोष बाहेरचाच असतो असें नाहीं, आणि जाणत्या मिस्त्र्याची परीक्षा येथेंच होते. तो जळलेल्या मोटारीपाशीं न थांबतां शक्तीच्या वाटेनें मागें मागें जातो. कारखाना बंद असतां दाब पुरा दिसतो, म्हणून तो भार चालू असतांनाच मोजतो. कारण वाटेंतील घट प्रवाहाबरोबर वाढते. आंत येणाऱ्या तारांवरच दाब कमी असेल, तर दोष रोहित्राकडे किंवा त्याच्याही पलीकडे आहे. तेथें दाब पुरा, पण मोटारीच्या तोंडाशीं कमी असेल, तर आंतली तार बारीक आहे, किंवा एखादा सांधा सैल होऊन तापला आहे. तिन्ही तारांचा दाब सारखा नसेल, तर एखादा फ्यूज गेला असावा किंवा कळीचा संपर्क झिजला असावा. एक तार तुटली तरी फिरती मोटार लगेच थांबत नाहीं. उरलेल्या दोन तारांवर ती कण्हत चालते आणि थोड्याच वेळांत जळते.

गेल्या कांहीं दशकांत मोटारीची गति हवी तशी राखणारीं इलेक्ट्रॉनिक यंत्रें आलीं. कारखान्यांत त्यांस ड्राइव्ह म्हणतात. उलटसुलट वाहणारी वीज तीं प्रथम एकाच दिशेची करतात, कपॅसिटरांत क्षणभर सांठवितात आणि मग तीपासून हव्या त्या गतीची वीज घडवितात. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर या सांठ्याचा दाब सुमारें ५८७ व्होल्टपर्यंत चढतो. तो ठरीव मर्यादेखालीं उतरतांच ड्राइव्ह स्वतःच मोटार थांबवितो आणि दाब कमी असल्याची सूचना पडद्यावर झळकवितो. वाफेच्या घड्याळाचा कांटा जणूं शंभर वर्षांनीं परत आला!

परंतु कांटा परत आला तरी भट्टीवाला परत आलेला नाहीं. दाब उतरला एवढेंच यंत्र सांगतें; कोठें उतरला हें सांगत नाहीं. शेजारची मोठी मोटार सुरू होतांना पडलेली क्षणिक घट आणि दिवसेंदिवस तापणारा सैल सांधा, या दोहोंची सूचना एकाच शब्दांत येते. कळ दाबून यंत्र पुन्हां चालूं करणें सोपें असतें. म्हणूनच सूचना पुसली जाते आणि दोष तसाच राहतो. पूर्वीं हातांत फावडें घेऊन दोष निवारतां येई; आतां हातांत व्होल्टमीटर घेऊन वाट चालावी लागते. साधन पालटलें, पण मूळापर्यंत जाण्याचें माणसाचें काम मात्र टळलेलें नाहीं.