लघुप्रतिकृतींतील लष्करी छावणी : रंगकाम आणि इतिहासलेखन

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास म्हणजे लढायांचा इतिहास, ही समजूत ग्रंथांइतकीच युद्धखेळांतील शिशाच्या सैनिकांनीही दृढ केली आहे. वस्तुतः कोणत्याही सैन्याचे बहुतांश दिवस रणांगणावर नव्हे, तर छावणीत जात. ऐतिहासिक युद्धखेळासाठी छावणीजीवनाच्या लघुप्रतिकृती रंगविण्याची कला या उपेक्षित बाजूकडे कशी पाहते आणि मराठा छावणीची प्रतिकृती करावयाची झाल्यास कोणती साधने उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

युद्धखेळाची परंपरा आणि छावणीचे स्थान

आधुनिक युद्धखेळाचा उगम प्रशियात झाला. राइसविट्झ पिता-पुत्रांपैकी पित्याने १८१२ मध्ये राजापुढे खेळाचे मेज ठेवले, तर पुत्राने १८२४ मध्ये नियम प्रसिद्ध केले. हा खेळ लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता. त्यात पलटणी म्हणजे नकाशावरील ठोकळे होते. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ शिसे-सैनिक स्वस्तात उपलब्ध केले आणि एच. जी. वेल्स यांच्या 'लिटल वॉर्स' (१९१३) या पुस्तकाने हा खेळ घरोघरी नेला. या प्रवासात ठोकळ्याला चेहरा व पोशाख मिळाला. परंतु तो लढणाऱ्यालाच. स्वयंपाकी, परीट, बैलवाला, वाणी यांच्यासाठी मेजावर जागा नव्हती.

१९९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' या नियमावलीच्या परंपरेत छावणी व छावणीसेवक यांना स्थान मिळाले. तथापि तेथेही छावणीचे महत्त्व मुख्यतः शत्रूच्या हाती पडू नये अशी वस्तू एवढेच राहिले. छावणीतील माणूस दिसतो तो रंगकर्मीच्या कुंचल्यामुळे, नियमांमुळे नव्हे.

मराठा छावणीची साधने

मराठा छावणीविषयी दोन भिन्न प्रकृतीची साधने येथे विचारात घेता येतील. पहिले म्हणजे सतराव्या शतकाच्या आठव्या दशकातील, चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांना लिहिलेले शिवाजी महाराजांचे सुप्रसिद्ध पत्र. दाणा-वैरण पुरवून वापरावी, रयतेस उपद्रव देऊ नये, चुली व आगट्या सांभाळाव्यात, रात्री दिव्याची जळती वात उंदराने नेली तरी गंजीला आग लागेल, अशी बारीक ताकीद त्यात आहे. प्रतिकृती करणाऱ्यास यातून थेट मांडणी मिळते : गंजी कोठे, चूल कोठे, पागा कोठे. हे पत्र शिस्तीची अपेक्षा सांगते, तिचे पालन किती झाले हे सांगत नाही, एवढे भान मात्र ठेवावे लागते.

दुसरे साधन म्हणजे दौलतराव शिंदे यांच्या छावणीसोबत राहिलेला इंग्रज अधिकारी टॉमस ब्रॉटन याची १८०९ मधील पत्रे; ती १८१३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. बिनीवाला पुढे जाऊन निशाण रोवतो, त्यावरून प्रत्येक बाजाराची जागा ठरते आणि फिरते नगर रोज पूर्वीच्याच रचनेत उभे राहते, असे त्याचे वर्णन आहे. भावाला कर्जातून सोडविण्यासाठी पुरुषवेशात शिपाईगिरी करणाऱ्या 'जोरावरसिंग' नामक स्त्रीची हकीकतही त्यात आहे. तिची प्रतिकृती रंगविली तर ती इतर शिपायांहून वेगळी दिसणारच नाही. वेश पाहून माणूस ओळखण्याच्या आपल्या सवयीला हे उत्तम उत्तर होय.

ब्रॉटनच्या लेखनात साम्राज्यवादी उपहास आहे, हे विसरता येत नाही. पुस्तकातील चित्रे एका भारतीय चित्रकाराच्या रेखाटनांवरून घेतली असली, तरी छपाईसाठी ती अन्य हातांतून गेली. म्हणून पेहरावाच्या घाटासाठी त्यांचा आधार जितका भक्कम, तितका रंगछटेसाठी नाही.

रंग हे विधान

युद्धखेळात २८ व १५ मिलिमीटर या मापांच्या प्रतिकृती विशेष प्रचलित आहेत. धातूवर प्रथम अस्तर, मग मूळ रंग, खोलगट भागांत पातळ गडद रंग, उंचवट्यांवर फिकी छटा आणि शेवटी व्हार्निश, असा सर्वसाधारण क्रम असतो. यातील प्रत्येक पायरीवर इतिहासविषयक निर्णय दडलेला असतो. नीळ आणि मंजिष्ठ हे टिकाऊ रंग. कुसुंब्याचा गुलाबी-तांबडा मात्र ऊन व धुलाई यांनी लवकर उडतो. कृत्रिम रंगांचा शोध १८५६ मधील. तेव्हा अठराव्या शतकातील बाजारबुणग्याच्या अंगावर झगझगीत रासायनिक जांभळा चढविणे हा कालविपर्यास ठरतो. महादजींच्या सेवेतील द ब्वॉयनच्या पलटणींना गणवेश होता. परंतु सगळ्या मराठा फौजेला एकच भगवे पागोटे घालणे म्हणजे वर्तमानातील प्रतीक भूतकाळावर लादणे होय.

'बुणगे' या शब्दाचेही असेच. पानिपतच्या (१७६१) चर्चेत तो बहुधा ओझे या अर्थाने येतो. त्या गर्दीत यात्रेकरू, कुटुंबे, कारागीर, धान्य व्यापारी होते. त्यांतील काहींमुळे सैन्याची चाल मंदावली हे खरे. पण काहींवाचून सैन्य एक दिवसही चालले नसते हेही तितकेच खरे. एकेक आकृती स्वतंत्रपणे रंगवू लागताच 'बुणगे' हा समूहवाचक शब्द अपुरा पडतो.

निष्कर्ष

महाराष्ट्राला ही दृष्टी सर्वस्वी परकी नाही. दिवाळीतील मातीच्या किल्ल्यावर मावळ्यांबरोबर पायथ्याशी गवळण, शेतकरी, भाजीवाली यांनाही मुले मांडतात. किल्ला एकट्या सैनिकांवर उभा राहत नाही, ही जाण त्या मांडणीत आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकडून साधनांच्या आधारे एखादी छावणी घडवून घ्यावी व प्रत्येक रंगासाठी पुरावा मागावा. पुरावा नसेल तेथे तर्क कोणता केला, हे लिहून घ्यावे. साधनचिकित्सेचा याहून प्रत्यक्ष पाठ क्वचितच मिळेल; आणि ज्यांची नावे बखरींत आली नाहीत, त्यांच्याविषयी 'हा माणूस काय नेसत होता, काय वाहत होता' हा प्रश्न तरी निदान विचारला जाईल.