सराफ बाजारातली माती

जळगावच्या सराफ बाजारात कारागीर आपला केर रस्त्यावर टाकत नाही. पाटाखालची धूळ, कानशीचा कीस, फुटकी मूस, भट्टीची राख, इतकंच काय, हात धुतलेलं पाणीसुद्धा तो साठवून ठेवतो. खानदेशात चांदीची खाण नाही. आमची खाण म्हणजे हा केर.

तो धुऊन सोनं-चांदी काढणारा तो झारेकरी. हिंदीत न्यारिया, म्हणजे न्यारं, वेगळं करणारा. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त टाकसाळीतल्या कामगारांमध्ये हा न्यारिया राख-माती धुताना भेटतो. 1601 मध्ये असीरगड पडला, खानदेश मुघलांकडे गेला आणि बुऱ्हाणपूरला मुघली नाणी पडू लागली. हे शहर खानदेशाची राजधानी होतं, हे आज ते मध्य प्रदेशात असल्यामुळे आपण सोयीस्करपणे विसरतो.

या नाण्यांसाठी इतकी चांदी यायची कुठून? सुरतेच्या बंदरातून, आणि तिथे येणारी बरीचशी मुळात अमेरिकेतली. मेक्सिकोत पाचुका इथे 1554 मध्ये बार्तोलोमे दे मेदिना याने भट्टीला न परवडणाऱ्या हलक्या धातुकातून चांदी काढायची रीत बसवली. धातुक दळायचं, त्यात मीठ, मोरचूद आणि पारा कालवायचा, आणि तो चिखल फरसबंद अंगणात पसरून कित्येक आठवडे तुडवत ठेवायचा. पुढे त्यासाठी खेचरं जुंपली. मिठाने चांदी सुटते, पारा तिला धरतो, पारा उडवला की चांदी उरते. टाकाऊ दगडातून रसायनाने चांदी काढण्याची ही थोरली पाती.

आपल्याकडची पाती तेजाबाची. तेज म्हणजे धारदार, आब म्हणजे पाणी; शब्द फारसी. शोरा, तुरटी आणि हिराकस तापवून वाफ धरली की हे पाणी मिळे. ते चांदी विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. या एका गुणावर गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, सगळा धंदा उभा आहे. हा धंदा देशभर नेला तो सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातल्या माणसांनी. शेतीत पाणी नाही म्हणून मूस आणि चिमटा घेऊन ती बाहेर पडली. देशातल्या कुठल्याही सराफ कट्ट्यावर गलाईचं दुकान शोधा, आत मराठी ऐकू येण्याचा संभव मोठा.

काम असं चालतं. केर जाळायचा, चाळायचा, लोहचुंबकाने लोखंड काढायचं, धुऊन उरलेलं टाकणखार घालून वितळवायचं. त्या गोळ्यात सोनं चौथाई राहील इतकी चांदी मिसळायची, नाहीतर तेजाब आत शिरत नाही. मग रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि तेजाबात उकळायचे. तांबूस धूर उठतो. तळाशी विटकरी पूड बसते, ते सोनं. पाणी निथळून त्यात तांब्याची पट्टी सोडली की पट्टीवर करडा, भुसभुशीत कापूस धरू लागतो, ती चांदी. 1 ग्रॅम तांबं गेलं की सुमारे 3.4 ग्रॅम चांदी बाहेर येते. सातपुड्यातल्या पावरा घरांतली मोडीला आलेली हासळी असो की दुकानातला केर, या करड्या कापसात सगळं एकच होतं.

सायनाइडची रीत धाकटी. 1887 मध्ये ग्लासगोला मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी ती सिद्ध केली. कोलारच्या सोन्याच्या खाणीत तिने सोनं काढलं; 2001 मध्ये खाण बंद पडली, पण तिथल्या गाळाच्या टेकड्यांना लोक अजून सायनाइडच्याच नावाने ओळखतात. आमच्या गल्लीत मात्र तेजाबच.

चांदी निघाली की पाणी निळं होतं, कारण आता त्यात तांबं असतं. जुने खिळे टाकले तर तेही परत मिळतं. त्यानंतर उरतं हिरवट, आंबट पाणी. केराला गिऱ्हाईक आहे, राखेला आहे, फुटक्या मुशीलाही आहे. या पाण्याला नाही. ते गटारात जातं.