टर्बो गाडीला कंपनीचे हेड बोल्ट पुरतात का?

नवतप्यात गडचांदूरहून माणिकगडचा पहाड चढून जिवतीकडे भरलेली गाडी न्यायची म्हणजे चालकाचा एक डोळा टेंपरेचरच्या काट्यावर असतो. त्यात हेड गॅस्केट गेले की एक सल्ला हमखास मिळतो: कंपनीचे बोल्ट कच्चे असतात, हेवी बोल्ट टाकून घ्या. गाडी रिमॅप केलेली असेल, तर हा सल्ला गॅस्केट जाण्याआधीच मिळतो. कंपनीच्या सेटिंगवर चालणाऱ्या गाडीसाठी त्याचे उत्तर ‘गरज नाही’ असेच आहे. रिमॅप केलेल्या गाडीचे उत्तर पॉवर किती वाढवली यावर ठरते. मात्र हेड उघडल्यावर जुनेच बोल्ट पुन्हा बसवणे दोन्ही गाड्यांना महागात पडते, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

बोल्ट नेमके काय करतो?

इंजिनाचा ब्लॉक खाली, हेड वर आणि दोघांच्या मध्ये गॅस्केट. सिलिंडरमधला जळता वायू, कूलंट आणि ऑइल यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम गॅस्केटचे. पण ते नुसते मध्ये ठेवून भागत नाही, सतत दाबून धरावे लागते. हे दाबून धरणे म्हणजेच हेड बोल्टचे काम. चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा दहा बोल्ट असतात आणि प्रत्येक सिलिंडरभोवती चार येतात.

किती जोर लागतो, ते १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेल इंजिनावरून पाहता येते. स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा गाड्यांतून ते महाराष्ट्रभर फिरले. त्याच्या सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचा माथा सुमारे ३८ चौरस सेंटिमीटरचा. टर्बो डिझेलमध्ये जळणाच्या क्षणी १५० बारच्या आसपास दाब तयार होतो असे धरले, तर हेडला वर ढकलणारा जोर पावणेसहा टनांच्या घरात जातो.

आता बोल्टची बाजू. बोल्टच्या डोक्यावर १०.९ असा आकडा असतो. त्यातला १० सांगतो की दर चौरस मिलिमीटरला साधारण १०० किलोची ओढ आली की पोलाद तुटेल. पुढचा ९ सांगतो की त्या ओढीच्या ९० टक्क्यांना ते कायमचे ताणले जाऊ लागेल. या दर्जाचा १० मिलिमीटर जाडीचा एक बोल्ट कायमचा न ताणला जाता सुमारे पाच टन ओढ झेलतो, १२ मिलिमीटरचा सात टन. चार बोल्टांचे वीस टन तर सहज होतात. शेजारच्या सिलिंडरशी बोल्ट वाटून घ्यावे लागतात आणि गॅस्केट दाबून ठेवण्यातही बराच जोर खर्च होतो, तरीही हाताशी चांगली शिल्लक राहते. टर्बो बसवलेले इंजिन बनवतानाच कंपनीने हा हिशेब केलेला असतो. ‘टर्बो आहे म्हणून बोल्ट बदला’ या म्हणण्याला त्यामुळे आधार नाही.

बोल्ट म्हणजे कडक खिळा नव्हे, ती एक ताणलेली स्प्रिंग आहे. हेड तापून फुगले की तो किंचित लांबतो, थंड झाले की आखडतो, आणि दाब दोन्ही वेळा धरून ठेवतो. म्हणूनच कंपनीचे बोल्ट लांब आणि अनेकदा मध्ये बारीक असतात. नुसता जाड आणि कडक बोल्ट हे काम जास्त चांगले करेल असे नाही. उलट गरजेपेक्षा जास्त आवळले तर सिलिंडरची गोलाई बिघडते आणि इंजिन ऑइल खाऊ लागते.

जुना बोल्ट परत का नको?

आजच्या बहुतेक इंजिनांत हेड बोल्ट दोन टप्प्यांत आवळतात. आधी टॉर्क रेंचने ठरलेल्या आकड्यापर्यंत, मग ठरलेल्या अंशांत, समजा ९० आणि पुन्हा ९०. शेवटच्या टप्प्यात बोल्ट मुद्दाम कायमचा ताणला जाण्याच्या सीमेवर नेलेला असतो, कारण तिथे सगळ्या बोल्टांचा दाब जवळजवळ सारखा येतो. नुसत्या टॉर्कवर ते जमत नाही: रेंचला लावलेल्या जोरातला साधारण ९० टक्के भाग घर्षणातच जातो. आटे कोरडे की तेलकट, गंजलेले की साफ, यावर बाकीचा हिशेब बदलतो.

असा एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तितकाच दाब देईल याची खात्री नसते. काही कंपन्या लांबी मोजून तो पुन्हा वापरू देतात, अनेक कंपन्या मुळीच नाही. गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल काय सांगते ते पाहावे. नव्या सेटचा खर्च हेड उतरवण्याच्या मजुरीपुढे किरकोळ असतो, आणि जुने बोल्ट वापरून वाचवलेले पैसे गॅस्केट पुन्हा गेले की दुपटीने जातात. बोल्टची भोके हवेने साफ करणेही तितकेच महत्त्वाचे. तळाशी कूलंट किंवा ऑइल साचलेले राहिले, तर बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

मग या भागात गॅस्केट का जातात?

उष्णतेमुळे. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेर ३० अंश असताना रेडिएटरला ६५ अंशांचा फरक मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मे महिन्यात बाहेर ४६ अंश असतील, तर हाच फरक ४९ वर येतो. उष्णता बाहेर टाकण्याची रेडिएटरची ताकद इथेच चौथ्या हिश्श्याने घटली. वर चढ, भार आणि एसी.

गडचांदूर, आवारपूर, उपरवाही हा सिमेंटचा पट्टा आहे, आणि राजुरा-बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणी. रस्त्यावरची धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते. त्यात सिमेंटची भुकटी असली आणि पावसाचे पाणी लागले की ती तिथेच घट्ट होते. फुंकर मारून निघत नाही. चुनखडीच्या भागातले बोअरचे पाणी जड असते. कूलंटऐवजी तेच वर्षानुवर्षे ओतत राहिले की आत क्षार जमतात. बिचाऱ्या बोल्टांचा यात काही दोष नाही.

इंजिन अतितापले की ॲल्युमिनियमचे हेड पोलादी बोल्टच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात फुगते. मधले गॅस्केट चेपते, बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला जातो. गाडी थंड झाल्यावर हेड पूर्वस्थितीला येते, पण बोल्टचा दाब कमी झालेला असतो. पुढच्या चढाला वायू फटीतून कूलंटमध्ये शिरतो. उघडल्यावर बोल्ट सैल दिसतात आणि खापर त्यांच्यावर फुटते. हेड वाकलेले असेल आणि लेथवर फेसिंग न करता त्यावर कितीही महाग बोल्ट आवळले, तरी गळती थांबत नाही. अनेक कंपन्यांची वाकण्याची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर एवढी सूक्ष्म असते; ती सरळपट्टी आणि फीलर गेजनेच कळते, डोळ्यांनी नाही.

स्टड कधी घ्यावेत?

रिमॅपने टॉर्क वाढतो, म्हणजे सिलिंडरमधला दाबही वाढतो. मूळ टर्बो ठेवून केलेल्या सौम्य रिमॅपला सामान्यतः कंपनीचे नवे बोल्ट आणि चांगले, अनेक पोलादी पत्र्यांचे गॅस्केट पुरते. मोठा टर्बो, वाढवलेले इंजेक्टर, शर्यतीचा वापर असेल तर स्टडचा विचार करावा. स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसवतात आणि वरून नट आवळतात. त्यामुळे आवळताना त्याला पीळ कमी बसतो आणि दाब जास्त नेमका येतो. अडचण अशी की अरुंद बोनेटमध्ये स्टडवरून हेड सरळ वर उचलायला जागाच नसते. शिवाय भारतीय डिझेल गाड्यांसाठी तयार सेट सहज मिळत नाहीत, आणि दुसऱ्या इंजिनाचे ‘साधारण बसणारे’ स्टड घेणे धोक्याचे.

स्टडची कीर्ती बरीचशी अमेरिकेतल्या फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोक डिझेलमुळे झाली. त्या इंजिनात गॅस्केट जाण्याच्या तक्रारी इतक्या होत्या की स्टड टाकणे ही तिथली रीतच बनली. पण तिथेही अनेकदा सुरुवात ऑइल कूलर तुंबण्यापासून होई. तो साफ न करता स्टड टाकणाऱ्यांच्या गाड्या पुन्हा गॅरेजला येत.

कूलंटच्या बाटलीत बुडबुडे, सकाळी थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा पाइप कडक होणे, गळती न दिसता कूलंट कमी होणे ही गॅस्केटची लक्षणे आहेत. ती दिसली की हेड उतरवण्याआधी कूलंटमध्ये जळलेला वायू आहे का, याची तपासणी करून घ्यावी. जुनी गाडी घेताना इंजिनकामाचे बिल मागावे. त्यावर गॅस्केट, फेसिंग आणि कूलंट लिहिलेले आहे आणि बोल्टचा सेट नाही, तर जुनेच परत बसले असे धरून किंमत ठरवावी.