स्वरलेख आणि त्याचा वाचक

दस्तऐवज जपला म्हणजे इतिहास जपला, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो अर्धाच खरा होय. पेशवे दफ्तराचे रुमाल शाबूत होते; परंतु मोडी जाणणाऱ्यांनी त्यांस हात घालीपर्यंत ते मुकेच राहिले. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासूनच्या अवघ्या काही वर्षांत त्या दफ्तरातील वेच्यांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, ते कागद होते म्हणून जितके, तितकेच वाचक होते म्हणून. कागद टिकावा आणि वाचक संपावा, ही आपत्ती केवळ जुन्या लिप्यांवरच येते असेही नाही. ज्या लेखांचे वय चाळीस वर्षांच्या आसपास आहे, त्यांच्यावरही ती येऊ शकते. संगणकावरील ‘ट्रॅकर’ संगीताच्या फाइली हे त्याचे चांगले उदाहरण असून, त्यांच्या आणि त्यांच्या वाचकांच्या इतिहासाचा येथे आम्ही थोडक्यात परामर्श घेणार आहो.

अमेरिकेतील कमोडोर कंपनीने १९८५ साली अमिगा नावाचा संगणक बाजारात आणला. त्यात ध्वनीसाठी ‘पॉला’ ही चिप होती. ध्वनीचे चार नमुने ती एकाच वेळी वाजवू शके. दोन डाव्या बाजूस, दोन उजव्या बाजूस. नमुना म्हणजे एखाद्या वाद्याचा वा आघाताचा क्षणभराचा ध्वनी, ८ बिटांच्या अंकांत टिपलेला. तो वेगाने वाचला की स्वर चढे, सावकाश वाचला की उतरे. एवढ्या सामग्रीतून संगीत उभे करावयाचे, तर कोणत्या क्षणी, चारांपैकी कोणत्या वाहिनीवर, कोणता नमुना, कोणत्या वेगाने वाजवावा, हे यंत्राला तंतोतंत सांगावे लागे.

हे सांगण्याची सुटसुटीत रीत जर्मनीतील कार्स्टेन ओबार्स्की याने १९८७ साली ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ या प्रोग्रॅममध्ये मांडली. पाश्चात्त्य स्वरलेखनात काळ डावीकडून उजवीकडे धावतो; येथे तो वरून खाली उतरू लागला. पडद्यावर चार उभे रकाने, प्रत्येक रकाना एका वाहिनीचा; आडव्या ओळी ६४, आणि अशा ६४ ओळींचे एक पान. सरकारी कचेरीतील रोजकीर्दीची आठवण व्हावी, असाच तो तक्ता होता. रकान्याच्या प्रत्येक घरात तीन नोंदी: स्वर, नमुन्याचा क्रमांक आणि एखादी सूचना. ही सूचना स्वर घसरविण्याची असे, आवाज कमी करण्याची असे, किंवा तीन स्वर इतक्या जलद आळीपाळीने वाजविण्याची असे, की एकाच वाहिनीतून स्वरसंघाचा भास व्हावा. एका घरास ४ बाइट लागत; म्हणजे ओळीस १६ आणि पानास १,०२४. पाने कोणत्या क्रमाने वाजवावयाची, याची यादी निराळी असे. त्यामुळे ध्रुवपदाचे पान एकदाच लिहून हवे तितक्या वेळा योजता येई.

या रचनेचे खरे वैशिष्ट्य मात्र पुढेच आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवून ठेवल्या. त्या पुस्तकांत चीज आहे, पण गळा नाही. गळा वाचणाऱ्याने आणावयाचा. उलट ध्वनिमुद्रिकेत गळा आहे. पण चिजेची घडण आपणास कानांनीच उकलावी लागते. ट्रॅकरच्या फाइलीत स्वरलेख आणि त्याला लागणारी वाद्ये ही दोन्ही एकत्र बांधलेली असतात. बदलीच्या गावी निघालेल्या अधिकाऱ्याने भांड्याकुंड्यांसह बिऱ्हाड हलवावे, तसे हे संगीत आपला सगळा संसार घेऊनच प्रवासास निघते. आणि तो संसारही किती आटोपशीर! सीडीवरील संगीताच्या एका मिनिटास एक कोटीहून अधिक बाइट लागतात. अमिगाच्या ८८० किलोबाइटांच्या एका फ्लॉपीवर अशा अनेक संपूर्ण रचना मावत.

ओबार्स्कीचा प्रोग्रॅम विक्रीसाठी होता. परंतु त्याचा प्रसार झाला तो विक्रीने नव्हे. हौशी तरुणांनी तो उकलला, त्यात भर घातली आणि सुधारलेल्या आवृत्त्या परस्पर वाटल्या. या परंपरेत नमुन्यांची संख्या १५ वरून ३१ वर गेली. स्वीडनमध्ये १९८९ साली ‘नॉइझट्रॅकर’ आणि नॉर्वेत १९९० साली ‘प्रोट्रॅकर’ निघाले. फाइलीच्या आरंभापासून १,०८० बाइट ओलांडले की ‘एम. के.’ ही खूण येते, तीही याच काळातील. ती नॉइझट्रॅकरच्या महोनी व काक्टुस या जोडीची, असे काही म्हणतात. मिखाएल क्लेप्स या दुसऱ्या प्रोग्रॅमकाराची ती आद्याक्षरे, असे इतर मानतात. पुढे ही कला आयबीएम पद्धतीच्या संगणकांवर गेली. १९९४ साली फिनलंडमधील फ्यूचर क्रू या मंडळींचा ‘स्क्रीम ट्रॅकर ३’ व स्वीडनमधील ट्रायटनचा ‘फास्टट्रॅकर २’, आणि १९९५ साली ऑस्ट्रेलियातील जेफ्री लिम याचा ‘इम्पल्स ट्रॅकर’ असे एकामागून एक निघाले. वाहिन्या वाढल्या, नमुने सुधारले, आणि प्रत्येकाने फाइलीची आपापली निराळी घडण प्रचारात आणली. ‘अनरियल’ (१९९८) व ‘डेउस एक्स’ (२०००) यांसारख्या गाजलेल्या खेळांचे संगीतही याच रीतीने रचलेले होते.

आणि येथेच मोडीचा प्रश्न उभा राहिला. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर कंपनीचे दिवाळे वाजले. ज्या यंत्रासाठी हे सारे लेखन झाले, त्याचा आधार सुटला. रचना मात्र हजारोंनी होत्या, आणि १९९६ साली सुरू झालेल्या ‘मॉड आर्काइव्ह’सारख्या संग्रहांत त्या गोळाही होऊ लागल्या. दफ्तर भरत होते. वाचक हवे होते.

ते वाचक घडले साध्या वादक-प्रोग्रॅमांच्या रूपाने. हॉलंडच्या जाँ-पॉल मिकर्सचा ‘मिकमॉड’ त्यांतील एक अग्रणी. १९९६ साली ब्राझीलमध्ये क्लाउदिओ मात्सुओका व त्याचा सहकारी इपोलितो काराऱो यांनी युनिक्स पद्धतीच्या संगणकांसाठी ‘एक्सएमपी’ रचला. ऑलिव्हिए लापिक याच्या १९९७ मधील ‘मॉडप्लग ट्रॅकर’च्या वंशात पुढे ‘ओपनएमपीटी’ आणि त्याचा वादक ‘ओपनएमपीटी१२३’ जन्मास आले. हे सारे कमांड लाइनवरून चालतात. म्हणजे चित्रे व बटणे नाहीत, पडद्यावर आज्ञेची एक ओळ टंकावयाची. वादकाचे नाव, मग एक जागा सोडून फाइलीचे नाव, आणि शेवटी एंटरची कळ; एवढ्याने संगीत सुरू होते. एक्सएमपी प्रथम रचनेचे शीर्षक, फाइलीची जात, पानांची व वाहिन्यांची संख्या आणि एकूण कालावधी सांगतो. मग कितवे पान, कितवी ओळ वाजत आहे, ते दाखवीत राहतो. अंकांच्या कळा दाबून एकेक वाहिनी बंद करता येते. त्यामुळे चारांपैकी खर्ज कोण धरतो आणि ताल कोण सांभाळतो, हे कोणत्याही जिज्ञासूस सुटे करून ऐकता येते. ओपनएमपीटी१२३ला दोन आडव्या रेघांपुढे ‘इन्फो’ लिहून सांगितले, तर तो न वाजविता केवळ माहिती देतो. ‘रेंडर’ लिहिले, तर ध्वनीची स्वतंत्र फाइल करून देतो.

या रुक्ष वाटणाऱ्या रीतीचे मोल कोणते? वादकाचे वाचनाचे ज्ञान पडद्यावरील सजावटीत गुंतलेले नाही. ते निराळ्या ग्रंथालयात ठेवले आहे, त्याची संहिता खुली आहे, आणि इतर प्रोग्रॅमांनाही ते उसने घेता येते. एफएफएमपेगसारखे सर्वपरिचित साधन या जुन्या फाइली वाचू शकते, ते अशाच उसन्या ज्ञानावर. सजावटीची फॅशन दर काही वर्षांनी बदलते. वाचनाचे ज्ञान त्या फॅशनीबरोबर बुडू नये, याची ही तजवीज होय.

परंतु वाचन म्हणजे काय, हा प्रश्न येथे सोपा नाही. काळाचेच पाहा. युरोपातील अमिगाचा पडदा सेकंदास ५० वेळा रेखाटला जाई आणि त्याच ठोक्यावर संगीत चाले. एका ओळीस ६ ठोके धरले, तर ६४ ओळींच्या पानास ७.६८ सेकंद लागत. अमेरिकेतील पडदा ६० ठोक्यांचा; तेथे पडद्याच्या ठोक्याला बांधलेले तेच पान ६.४ सेकंदांत संपे. आरंभीच्या १५ नमुन्यांच्या फाइलींत तर ‘एम. के.’ ही खूणही नाही. फाइलीच्या अंतर्गत पुराव्यावरून वादकाने ती ओळखावयाची. याहून अवघड गोष्ट दोषांची. जुन्या ट्रॅकरांत काही चुका होत्या, आणि रचनाकारांनी कानाने पारखून त्या चुकांसकट रचना पक्क्या केल्या. वादकाने चूक सुधारली, तर रचना बिघडते. म्हणून चांगला वादक कोणत्या ट्रॅकरात फाइल लिहिली गेली याचा तर्क करून त्या त्या ट्रॅकराचे दोषही निष्ठेने पाळतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. पाठ सुबोध करण्याचा मोह आवरावा आणि प्राचीन पाठ कठीण असला तरी तोच स्वीकारावा, ही जी शिस्त तेथील पंडितांनी पाळली, तिचेच हे धाकटे भावंड आहे, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

कित्येकांचे म्हणणे असे, की या साऱ्या रचना एकदा ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, म्हणजे वाचकाची कटकट संपली. हा मार्ग आम्हांस धोक्याचा वाटतो. ध्वनिमुद्रण म्हणजे एका वाचकाने एके दिवशी केलेले एक वाचन. त्यात चूक असेल, तर मूळ लेख फेकून दिल्यावर ती दाखविणार कोण? शिवाय त्या लेखात केवळ संगीत नसते. प्रत्येक नमुन्याच्या नावासाठी २२ अक्षरांची जागा असे, आणि अशा ओळी ३१. रचनाकारांनी तेथे नमुन्यांच्या नावांऐवजी आपले नाव, मित्रांना नमस्कार, रचना कोणास अर्पण केली ते, किंवा ‘माझे नमुने घ्याल तर नाव सांगा’ अशी विनवणी लिहून ठेवली. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिकाने आपले गाव, शक व तिथी लिहावी, तसा हा मजकूर आहे. वादक तो पडद्यावर उमटवितो. ध्वनिमुद्रणात त्याचा मागमूसही राहत नाही. ही मुले बहुधा विशीच्या आतबाहेरची, विद्यापीठांनी वा वृत्तपत्रांनी त्यांची दखल न घेतलेली. त्यांच्यापैकी अनेकांचा स्वहस्ते लिहिलेला एवढाच पुरावा उरला असण्याचा संभव आहे.

या तरुणांच्या कलाविश्वाला आता मानही मिळू लागला आहे. ज्या ‘डेमोसीन’मध्ये हे संगीत वाढले, तिचा समावेश फिनलंडने २०२० साली आणि जर्मनीने २०२१ साली आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केला. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु यादीतील नोंद फाइल वाचीत नाही. ते काम काही थोडे लोक, बहुतेक फुरसतीच्या वेळात, पाठभेद तपासीत आणि वादकाची नवी आवृत्ती काढीत करीत आले आहेत. परप्रांती दीर्घकाळ राहिलेल्या आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजोबांची मोडीतील पत्रे एखाद्या पेटीत असतील, आणि ती वाचू शकणारे माणूस घरात उरले नसेल. पेटी जपणे हे कर्तव्य खरेच. पण वाचणारा तयार करणे हे त्याहून मोठे कर्तव्य आहे. कारण पेटीची किल्ली हरवली तर कुलूप फोडता येते. वाचणारा हरवला, तर उघड्या पेटीचाही उपयोग नाही.